काळी माती किती श्रीमंत?

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. समजा, तुमच्यासमोर दोन वाट्या ठेवल्या आहेत. एकीत काळीभोर माती, दुसरीत तांबूस माती. दोन्ही कोरड्या, दोन्ही चाळलेल्या. सांगा पाहू, यातली जास्त कसदार माती कोणती?

"काळी!" असं तुमच्यातल्या निम्म्या जणांनी तरी म्हटलंच असणार. माझ्या चौथीच्या वर्गानेही एका सुरात हेच उत्तर दिलं होतं. काळी आई, काळी कसदार जमीन, हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो ना! पण खरं उत्तर आहे, "नुसतं बघून सांगता येणार नाही." सह्याद्रीच्या घाटात दाट झाडीखाली जी तांबूस माती असते, तिच्यात देशावरच्या काळ्याभोर शेतातल्या मातीपेक्षा सेंद्रिय कर्ब जास्त निघतो, असं पुष्कळदा होतं.

आता हा सेंद्रिय कर्ब म्हणजे काय, तो मोजायचा कसा आणि त्यासाठी शास्त्रज्ञांनी चक्क उजेडाला कसं कामाला लावलं, ही आजची गोष्ट.

मातीच्या पोटातला कर्ब

झाडाचं पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि सूर्यप्रकाशाच्या मदतीने त्यातला कर्ब आपल्या अंगात साठवतं. पान गळतं, मुळं कुजतात, गाय-म्हैस चारा खाऊन शेण टाकते, गांडूळ मरतं. हे सगळं मातीत मिसळतं. मग मातीतले कोट्यवधी सूक्ष्म जीव त्यावर ताव मारतात. त्यातला बराचसा कर्ब त्यांच्या श्वासावाटे पुन्हा हवेत जातो. उरलेला थोडासा मातीच्या कणांना चिकटून राहतो. या उरलेल्या काळपट पदार्थाला ह्यूमस म्हणतात. मातीतल्या अशा सगळ्या सजीवांच्या अवशेषांमधला कर्ब म्हणजे सेंद्रिय कर्ब.

तो असला की माती भुसभुशीत राहते. पावसाचं पाणी धरून ठेवते. पिकाला लागणारं अन्न एकदम वाहून न जाता हळूहळू मुळांना मिळतं. म्हणून तर शेतकरी दादा शेणखत घालतात!

पण तो असतो किती? आपल्याकडे माती परीक्षणात साधारण असा हिशेब धरतात: अर्धा टक्क्याहून कमी सेंद्रिय कर्ब म्हणजे 'कमी', अर्धा ते पाऊण टक्का म्हणजे 'मध्यम' आणि पाऊण टक्क्याच्या वर म्हणजे 'जास्त'. म्हणजे शंभर किलो मातीत अर्धा किलोसुद्धा नाही! एवढ्याशा कर्बावर सगळं शेत उभं असतं.

आता जरा वही-पेन्सिल घ्या. एक एकर जमिनीचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर तोलला, तर तो भरेल सुमारे नऊ लाख किलो. त्यात अर्धा टक्का कर्ब, म्हणजे साडेचार हजार किलो. तो ०.५ वरून ०.६ टक्क्यावर न्यायचा असेल, तर आणखी नऊशे किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. आणि आत्ताच पाहिलं ना, घातलेल्यातला बराचसा तर सूक्ष्म जीव खाऊन हवेत सोडून देतात! म्हणून कर्ब वाढायला वर्षानुवर्षं लागतात. घटायला मात्र तितका वेळ लागत नाही. सारखी नांगरट, पाचट जाळणं, खताला शेणच नसणं, एवढं पुरतं.

मग काळ्या मातीचं कोडं काय आहे? आपल्याकडची काळी माती बेसाल्ट नावाच्या काळ्या खडकापासून झाली. तिचा रंग बराचसा तिच्यातल्या खनिजांमुळे येतो. शिवाय तिच्यातला थोडासाच ह्यूमस चिकणमातीच्या बारीक कणांशी असा घट्ट बसतो की तेवढ्यानेही सगळी माती काळी दिसते. म्हणजे अंगावर भरजरी शालू आणि डब्यात पैसे थोडेच! काळ्या जमिनीत दुसरे पुष्कळ गुण आहेत, पाणी धरून ठेवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. पण "आमची जमीन काळी आहे, तिला खताची काय गरज?" असं कोणी म्हणालं, तर ते रंगाला भुलले असं समजा.

आम्ल, भट्टी आणि वेळ

डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, मग मोजायचं कसं? वॉकली आणि ब्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये एक पद्धत सांगितली. ती आजही कितीतरी प्रयोगशाळांत वापरली जाते. साधारण एक ग्रॅम माती चंबूत घ्यायची. त्यात पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण आणि तीव्र गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल, घालायचं. चंबू चांगलाच तापतो. मातीतला कर्ब डायक्रोमेटचा काही भाग खर्च करून टाकतो. किती उरलं ते दुसऱ्या द्रावणाचा थेंब-थेंब टाकून बघायचं. रंग पालटून हिरवा झाला की थांबायचं. शिल्लक किती ते कळलं की खर्च किती ते कळलं, आणि खर्चावरून कर्ब कळला. वजाबाकीच की ही!

पद्धत छान आहे, पण तीव्र आम्ल हातावर पडलं तर भाजतं. डायक्रोमेटमधलं क्रोमियम विषारी असतं. वापरून झालेलं द्रावण मोरीत ओतून चालत नाही. एकेका नमुन्याला वेळ लागतो, शिकलेला माणूस लागतो. दुसरी पद्धत भट्टीची. नऊशे अंश सेल्सियसच्याही वर माती तापवायची आणि बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड मोजायचा. ही जास्त नेमकी, पण यंत्र महाग. आणि मातीत चुनखडी असली, तर तिच्यातला कर्बही त्यातच मोजला जातो. तो वेगळा काढावा लागतो.

एक-दोन शेतांचं ठीक आहे हो. पण आपल्या देशात १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगड इथून जमीन आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. तिच्यात मातीच्या बारा गोष्टी तपासतात. सेंद्रिय कर्ब त्यातलाच एक. असे कोट्यवधी नमुने तपासायचे म्हणजे किती आम्ल, किती चंबू, किती माणसं लागतील, याचा विचार करा.

म्हणून शास्त्रज्ञांना वाटलं, मातीला हात न लावता, काही न ओतता, नुसता उजेड टाकून तिच्या पोटातलं कळेल का?

लाल चष्म्याची गंमत

उजेडाने कसं कळणार? त्यासाठी आधी एक गंमत करा. पांढऱ्या कागदावर लाल स्केचपेनाने एक रेघ ओढा, शेजारी निळ्याने एक. आता लाल जिलेटिनचा कागद डोळ्यांसमोर धरून बघा. लाल रेघ जवळजवळ गायब! निळी मात्र काळी कुळकुळीत दिसते.

असं का झालं? पांढरा कागद सगळे रंग परत फेकतो. लाल रेघ फक्त लाल परत फेकते. लाल कागदाने तुमच्या डोळ्यांपर्यंत नुसता लाल उजेडच येऊ दिला, मग कागद आणि रेघ दोन्ही लालच दिसणार. वेगळेपणा कळणार कसा? निळी रेघ लाल उजेड गिळून टाकते, म्हणून ती काळी.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, प्रत्येक वस्तू काही रंगांचा उजेड गिळते आणि काही परत फेकते. दुसरी, एकाच रंगाच्या उजेडात बघितलं तर दोन वेगळ्या वस्तू सारख्या वाटतात. वेगवेगळ्या रंगांत बघितलं तर त्यांचा वेगळेपणा उघडा पडतो. मग सात रंगांऐवजी शेकडो रंगांत बघितलं तर?

सात रंग तर तुम्हाला पाठच आहेत, तानापिहिनिपाजा. लोलकातून सूर्यप्रकाश गेला की भिंतीवर हा पट्टा उमटतो. त्याला वर्णपट म्हणतात. पण तांबड्याच्या पलीकडे काय आहे? इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी ते शोधलं. युरेनस ग्रह शोधणारे हेच हर्शेल. त्यांनी वर्णपटातल्या वेगवेगळ्या रंगांत तापमापक ठेवले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथला तापमापक सगळ्यांत जास्त चढला! तिथेही उजेडच होता, फक्त आपल्याला न दिसणारा. त्याला अवरक्त किरण म्हणतात.

उजेडाच्या लाटा असतात आणि त्यांची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या डोळ्यांना सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड दिसतो. त्यापुढे २५०० पर्यंतच्या किरणांना निकट अवरक्त म्हणतात. मातीची गुपितं बरीचशी याच भागात दडली आहेत.

झोका आणि धक्का

ही गुपितं कळतात कशी? तुम्ही कधी ना कधी कोणाला झोका दिला असेलच. झोका मागे येऊन पुन्हा पुढे निघतो, नेमका त्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो. भलत्याच वेळी ढकललं तर नुसती हात दुखायची पाळी.

पदार्थांचे अणू एकमेकांना जोडलेले असतात आणि ते जोड सतत थरथरत असतात, स्प्रिंगसारखे. कर्ब आणि हायड्रोजन यांचा जोड वेगळ्या तालावर थरथरतो, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा वेगळ्या. ज्या लाटेचा ताल जुळतो, ती लाट तो जोड गिळून टाकतो. मातीवर उजेड टाकला आणि परत आलेला उजेड मोजला की कुठली लाट किती कमी झाली ते कळतं. पाणी असेल, तर १४०० आणि १९०० नॅनोमीटरच्या आसपास खड्डा पडतो. चिकणमातीची खूण २२०० च्या जवळपास. लोहाची खूण दिसणाऱ्या रंगांत आणि ९०० च्या आसपास. सेंद्रिय कर्बाच्या खुणा मात्र फार पुसट. काही १७०० आणि २३०० च्या जवळ, आणि शिवाय तो दिसणारा उजेडही सगळीकडे थोडा-थोडा गिळतो. एका ठिकाणी बोट ठेवून "हा बघा कर्ब" असं म्हणता येत नाही. मग काय करायचं?

कलिंगडवाले आजोबा

बाजारातले कलिंगडवाले आजोबा आठवा. ते कलिंगडावर टिचकी मारतात, कान देतात आणि सांगतात, "हे घ्या, आत लालबुंद आहे." त्यांनी आतमध्ये डोकावून थोडंच पाहिलं? आयुष्यभर हजारो कलिंगडांवर टिचक्या मारल्या आणि ती कापलेली पाहिली. कसा आवाज आला की आत कसं निघतं, हे त्यांच्या डोक्यात जमा झालं. आता न कापता ते अंदाज सांगतात.

मातीच्या शास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं. आधी पुष्कळ नमुने घेतले. प्रत्येकाचा वर्णपट घेतला, ही झाली टिचकी. मग त्याच नमुन्यांचा कर्ब आम्लाने किंवा भट्टीने मोजला, हे झालं कापून बघणं. दोन्ही जोड्यांचा संग्रह संगणकाला दिला. कोणत्या लाटा किती कमी झाल्या की कर्ब किती असतो, हा संबंध संगणकाने गणिताने शोधला. मग नवी माती आली की नुसता वर्णपट घ्यायचा आणि संगणकाने अंदाज सांगायचा.

यंत्राचं काम दिसायला अगदी साधं. माती वाळवायची, कुटायची, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायची, छोट्या बशीत पसरायची. तिच्यावर हॅलोजन दिव्याचा प्रखर उजेड टाकायचा. परत आलेला उजेड यंत्र लाटालाटांत वेगळा करतं आणि दोन हजारांहून जास्त आकडे लिहून देतं. सगळं मिळून एखाद मिनिटाचं काम! ना आम्ल, ना विषारी सांडपाणी. आणि त्याच एका वर्णपटावरून कर्बाबरोबर चिकणमातीचं प्रमाण आणि आणखी काही गोष्टींचाही अंदाज करता येतो.

पण आजोबांची परीक्षा कशी घ्याल? ज्या कलिंगडांवर त्यांनी आधी टिचकी मारली होती, तीच पुन्हा देऊन चालणार नाही. ती त्यांच्या ओळखीची झाली. नवी द्यायची, उत्तर लिहून घ्यायचं आणि मग कापायचं. शास्त्रज्ञसुद्धा काही नमुने बाजूला झाकून ठेवतात आणि त्यांच्यावर संगणकाची परीक्षा घेतात. पुस्तकातलंच गणित पेपरात आलं तर पैकीच्या पैकी मार्क कोणालाही पडतील, नाही का?

नैरोबीची प्रयोगशाळा

मातीवरून परत येणाऱ्या उजेडाचा अभ्यास जुना आहे. अमेरिकेतल्या बॉवर्स आणि हँक्स यांनी १९६५ मध्येच दाखवलं होतं की ओलावा, सेंद्रिय पदार्थ आणि कणांचा आकार यांमुळे हा उजेड बदलतो. पण हे मोठ्या प्रमाणावर शेतीच्या कामाला आलं ते पुढे, आणि त्यात आफ्रिकेचा वाटा मोठा आहे.

केनियाची राजधानी नैरोबी. तिथे झाडं आणि शेती यांचा एकत्र अभ्यास करणारं जागतिक केंद्र आहे. इक्राफ या नावाने ते ओळखलं जातं. तिथल्या कीथ शेफर्ड आणि मार्कस वॉल्श यांनी २००२ मध्ये पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एक हजाराहून जास्त मातीच्या नमुन्यांचा वर्णपट-संग्रह प्रसिद्ध केला. त्यावरून कर्बासकट मातीच्या कितीतरी गुणांचा चांगला अंदाज बांधता येतो, हे त्यांनी दाखवलं.

पुढे आफ्रिकेच्या मातीची माहिती गोळा करण्याचा मोठा प्रकल्प निघाला. त्याचा आराखडा ऐका. खंडभरात ६० ठिकाणं निवडायची. प्रत्येक ठिकाण दहा किलोमीटर लांब, दहा किलोमीटर रुंद. प्रत्येकात १६० जागी खणायचं आणि प्रत्येक जागी दोन थरांतली माती घ्यायची, एक वरची आणि एक तिच्या खालची. करा गुणाकार! १६० गुणिले २ म्हणजे ३२०, आणि ३२० गुणिले ६० म्हणजे १९,२०० नमुने. एवढ्या सगळ्यांची आम्लाने तपासणी करायची तर खर्च परवडलाच नसता. म्हणून सगळ्यांवर अवरक्त उजेड टाकायचा आणि सुमारे दहातल्या एकाच नमुन्याची पूर्ण रासायनिक तपासणी करायची, असं ठरलं. बाकीच्या नवांचा अंदाज त्या एकाच्या आधाराने. ज्या गरीब गावांत मातीची प्रयोगशाळा कधी पोचलीच नव्हती, तिथल्या मातीचीही त्यामुळे नोंद झाली.

मग साऱ्या जगाचाच संग्रह झाला. ऑस्ट्रेलियातल्या राफाएल व्हिस्कारा रोसेल यांच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांनी आपापले वर्णपट एकत्र केले. २०१६ मध्ये तो संग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात ९२ देशांतले २३,६३१ वर्णपट होते. खाऊ वाटून घ्यावा तशी ही माती वाटून घेतली म्हणा ना!

यंत्राला विचारायचे प्रश्न

आता तुम्ही म्हणाल, "मग आम्लाची पद्धत बंदच करून टाका की!" थांबा, थांबा. घाई करू नका.

आपल्या कलिंगडवाल्या आजोबांना फणसाच्या बाजारात नेऊन बसवलं तर? टिचकी मारून ते काहीतरी सांगतील, पण आपण त्यावर विश्वास ठेवावा का? आफ्रिकेतल्या मातीवर शिकलेल्या संगणकाला विदर्भातली काळी माती दाखवली, तर तशीच फजिती होऊ शकते. त्याने तशी माती पाहिलेलीच नाही. आणि गंमत अशी की संगणक कधी "मला माहीत नाही" असं आपण होऊन म्हणत नाही. विटेचा चुरा बशीत ठेवला तरी तो कर्बाचा आकडा देईल, तोही दोन दशांश स्थळांपर्यंत!

म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत आधी बघतात की नव्या मातीचा वर्णपट संग्रहातल्या वर्णपटांसारखा आहे का. नसला, तर तो नमुना आम्लाकडे किंवा भट्टीकडे पाठवतात. त्याचं खरं उत्तर आलं की ते संग्रहात घालतात. म्हणजे संगणक एक नवी माती शिकला. आम्लाची पद्धत बंद पडली तर उजेडाच्या पद्धतीला शिकवणार कोण? गुरूच नाही तर चेला कुठून येणार!

दुसरी अडचण पाण्याची. पहिला पाऊस पडला की अंगणातली माती कशी गडद दिसते, ते तुम्ही पाहिलंच असेल. कर्ब तेवढाच, पण उजेड कमी परत येतो. म्हणून माती नीट वाळवलेली हवी. सरळ शेतात नेऊन लावायची छोटी यंत्रंही निघाली आहेत; तिथे ओलावा, ढेकळं, काडीकचरा या सगळ्यांचा हिशेब धरावा लागतो.

आणि उपग्रह? तेही प्रयत्न चालू आहेत. आपल्या इस्रोने २९ नोव्हेंबर २०१८ रोजी श्रीहरिकोट्याहून हायसिस नावाचा उपग्रह सोडला. उजेडाच्या पुष्कळ बारीक पट्ट्यांत जमिनीकडे बघणारा हा उपग्रह. पण आकाशातून मातीचा फक्त वरचा पापुद्रा दिसतो, तोही शेत मोकळं आणि कोरडं असेल तेव्हाच. पीक उभं असलं की मातीवर पांघरूण!

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिथे यंत्राचा काही दोष नसतो. नमुनाच चुकीचा घेतला तर? शेणखताच्या ढिगाजवळची, बांधावरची, झाडाखालची माती पिशवीत भरून नेली, तर उत्तर त्या जागेचं येईल, शेताचं नाही. खरी रीत अशी: शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करायचा. कडेची वरपासून खालपर्यंतची माती खरवडून घ्यायची. सगळी एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेली पुन्हा मिसळायची. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत राहायचं. बशीतली चिमूटभर माती नऊ लाख किलोंच्या वतीने बोलणार असते. तिला सगळ्या शेताचं म्हणणं मांडता आलं पाहिजे.

घरी करून पाहा

यंत्र नसलं तरी एक प्रयोग तुम्हाला करता येईल. एकाच शेतातली दोन ढेकळं घ्या, लिंबाएवढी. एक नेहमी नांगरल्या जाणाऱ्या भागातलं, दुसरं बांधावरच्या गवताखालचं. दोन्ही चार दिवस सावलीत पूर्ण वाळवा. दोन काचेच्या पेल्यांत पाणी घ्या. प्रत्येकात जाळीचा चहाचा गाळणा टेकवा आणि दोन्ही ढेकळं एकाच वेळी हलकेच पाण्यात सोडा. दहा मिनिटं बघत राहा. ज्या मातीत मुळं आणि सेंद्रिय पदार्थ जास्त, तिचं ढेकूळ सहसा जास्त वेळ टिकतं. दुसरं लवकर विरघळून खाली बसतं. काय दिसलं ते चित्र काढून, वेळ टाकून वहीत लिहा. फक्त एक लक्षात ठेवा, दोन्ही माती एकाच प्रकारच्या हव्यात. एक गावची काळी आणि दुसऱ्या गावची तांबडी अशी तुलना केली, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येणार नाही.

घरात जुनी सीडी पडली असेल, तर ती खिडकीतल्या उजेडात तिरपी धरा आणि वर्णपट बघा. आधी दिवसाच्या उजेडात, मग घरातल्या दिव्याखाली. दोन्ही पट्टे सारखे आहेत का? मात्र सूर्याची तिरीप सीडीवरून कोणाच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका.

आई-बाबांसाठी

आई-बाबांनो, घरात जमीन आरोग्य पत्रिका असेल, तर ती कपाटात न ठेवता एकदा मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. 'सेंद्रिय कर्ब' या ओळीसमोर काय आकडा आहे ते त्यांना शोधू द्या. मागच्या वेळची पत्रिका असली तर दोन्ही आकडे शेजारी मांडा. उद्या कोणी यंत्र घेऊन दारात आलं आणि एका मिनिटात उत्तर देतो म्हणालं, तर त्याला हाकलूही नका आणि लगेच भुलूही नका. फक्त विचारा, "तुमचं यंत्र आमच्या भागातल्या मातीवर शिकलं आहे का? आणि त्याची परीक्षा कशी घेतली?" हे दोन प्रश्न तुमची मुलंही विचारू शकतील.

आणि पाचट, पालापाचोळा जाळायची काडी हातात घेण्याआधी, त्यातला किती कर्ब मातीच्या वाट्याला आला असता याचा हिशेब मुलांना करायला सांगा. तो हिशेब त्यांना आता येतो.

डोकं चालवा

मुलांनो, जाता जाता एक कोडं. एका शेताचा सेंद्रिय कर्ब यंत्राने ०.४८ टक्के सांगितला, शेजारच्या शेताचा ०.५२ टक्के. म्हणजे पहिल्याच्या पत्रिकेवर 'कमी' आलं आणि दुसऱ्याच्या 'मध्यम'. दुसरे काका खूश झाले, पहिले काका नाराज. पण त्या यंत्राचा अंदाज ०.१ ने वर किंवा खाली होऊ शकतो, हे माहीत आहे. तर दुसऱ्या काकांची माती नक्की जास्त श्रीमंत आहे, असं म्हणता येईल का? आणि खात्री करून घ्यायची असेल, तर दोघांनी काय करावं?

उत्तर आणि त्याचं कारण वहीत लिहून ठेवा. पुढच्या अंकात ताडून पाहू.